अण्णांची पद्मिनी आणि तुमची एक्सेल शीट

वाचकाचं पत्र:

"आमच्याकडे १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी आहे, पहिल्यापासून अण्णांच्याच नावावर. २०१९ च्या पुरात ती गावभागातल्या घरी पाण्यात होती. नंतर इंजिन खोलून घेतलं, तेव्हापासून चालू आहे, पण निघते महिन्यातून एखाद्या वेळी. पुरानंतर आम्ही विश्रामबागेत फ्लॅट घेतला. पार्किंग एकच. मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे, बायकोला महिन्यातून दोनदा पुण्याच्या ऑफिसला जावं लागतं, मुलगी चार वर्षांची, आईचे गुडघे गेलेत. मला दहा लाखांच्या आत नवी सेडान घ्यायची आहे. डिझायर डोक्यात आहे. अण्णा ७३ वर्षांचे. ते म्हणतात, त्यापेक्षा अडीच लाख घालून पद्मिनी नव्यासारखी करू आणि तीच वापरू, आजच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. मी दोन्ही गाड्यांची तुलना करणारी एक्सेल शीट करून त्यांना दाखवली. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दाजी म्हणतात, सरळ भंगारात द्या. कोणती गाडी बरोबर? आणि अण्णांना पटवू कसं?"

एक वाचक, सांगली

नमस्कार,

आधी निकाल सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. नवी गाडी घ्या. पद्मिनी विकू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. अडीच लाखांचा विषय मात्र थोडा वेगळ्या क्रमाने घ्यावा लागेल, त्याकडे येतोच. आणि ती शीट आजच डिलीट करा.

शीटमध्ये काय असेल ते न बघताही सांगता येतं. इंजिन १०८९ सीसी आणि ११९७ सीसी. ताकद तिकडे चाळिशीच्या घरात, इकडे ऐंशीच्या वर. चार गिअर, पाच गिअर. चारी चाकांना ड्रम ब्रेक, तर इकडे पुढे डिस्क आणि जोडीला एबीएस. एअरबॅग शून्य, इकडे सहा. प्रत्येक ओळीत पद्मिनी नापास. चाळीस वर्षं ज्या गाडीने घर ओढलं तिची मार्कलिस्ट पोराने बापासमोर ठेवली, तर बाप बोलणार तरी काय?

शिवाय स्पर्धाच बरोबरीची नव्हती. अण्णांची गाडी कागदावर १९८६ ची, पण घडण तिच्याही कितीतरी आधीची. फियाटने इटलीत १९५३ साली जी ११०० आणली, तिच्याच घराण्यातली ही. आपल्याकडे १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' म्हणून आली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. तिच्याही आधीची, पुढची दारं उलटी उघडणारी 'डुक्कर फियाट' अण्णांना नक्की आठवत असेल. विचारा त्यांना, कामापुरतं बोलणारा माणूसही या विषयावर अर्धा तास बोलेल. ती बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे वालचंद. थोडक्यात, तुम्ही सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशाची गाडी परवाच्या गाडीशेजारी उभी केलीत.

आता 'पत्र्याचे डबे'. हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण तुमच्या घरातल्या वादात खरा जीव याच एका मुद्द्यात आहे, आणि त्याचं कारण तुमची चार वर्षांची मुलगी.

अण्णांचं निरीक्षण चुकीचं नाही. नव्या गाडीचा बाहेरचा पत्रा पातळ असतो, अंगठ्याने दाबला तर लवतो. पद्मिनीच्या बॉनेटवर बसून लोकांनी लग्नात फोटो काढलेत. तरीही वजन बघा. पद्मिनी ९०० किलोच्या आतबाहेर भरते आणि डिझायर तिच्यापेक्षा थोडी जडच आहे. मग बाहेर वाचवलेलं पोलाद गेलं कुठे? ते आत गेलं, माणसं बसतात त्या पिंजऱ्यात: खांबांत, दारांच्या आतल्या पट्ट्यांत, तळात. टक्कर झाली की गाडीचा वेग कशात तरी जिरावा लागतो. नव्या गाडीत तो पुढच्या भागात जिरतो, म्हणून तो भाग चुरगळेल असाच बनवतात. जुन्या गाडीचं नाक चुरगळत नाही म्हणून आपण कौतुक करतो, पण तो धक्का मग आत बसलेल्यांपर्यंत येतो. त्यात पद्मिनीच्या स्टिअरिंगचा दांडा सरळ, न दुमडणारा, आणि त्याचं टोक चालकाच्या छातीकडे.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००९ मध्ये स्वतःच्या पन्नाशीनिमित्त एक प्रयोग केला. १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची शेव्हर्ले मालिबू, दोन्ही ताशी सुमारे ६४ किलोमीटरने एकमेकींवर घातल्या. बेल एअर म्हणजे भली थोरली, अण्णांना पहिल्या नजरेत आवडेल अशी गाडी. तिची केबिन चेपून आत आली; चाचणीसाठी चालकाच्या सीटवर बसवलेल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पार गेलं, पण चालकाच्या पुतळ्याला पायाला मार बसण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. या टकरीचा व्हिडिओ सहज मिळतो. अण्णांना दाखवा, पण 'बघा, मी म्हणत नव्हतो का' असं तोंडातून निघू देऊ नका. व्हिडिओ लावा आणि चहा करायला आत जा.

डिझायरच्या २०२४ मध्ये आलेल्या मॉडेलला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले. मागच्या सीटवर मुलाची खुर्ची अडकवायला आयसोफिक्सचे हुक आहेत. तुमच्या पद्मिनीत मागे पट्टेच नाहीत. पट्टा बाहेरून आणून बसवता येतो हो, पण तो बोल्टने ज्या तळाच्या पत्र्याला आवळायचा त्या पत्र्याने कृष्णेचं पाणी प्यायलंय. महामार्गावर मागून ट्रॅव्हल्सची बस लाइट मारत असताना, मांडीवर मुलगी आणि पायाखाली ड्रम ब्रेक, या स्थितीत पद्मिनीने पुण्याला जाऊ नये. इथे तडजोड नाही. अण्णांशीही नाही.

पैशांबाबत मात्र तुमचंच थोडं चुकतंय. नवी गाडी मायलेजमुळे परवडेल असं तुम्ही शीटमध्ये कुठेतरी नक्की मांडलं असणार. पुण्याच्या दोन फेऱ्या आणि गावातलं फिरणं धरून महिन्याला ११०० किलोमीटर होतील. पद्मिनीला लिटरला ११ धरले तर शंभर लिटर, डिझायरला प्रत्यक्षात १८ मिळतील असं धरलं तर ६१ लिटर. फरक महिन्याला चारेक हजारांचा. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेचौदा हजार. म्हणजे पेट्रोलच्या बचतीतून हप्त्याचा तिसरा हिस्साही निघत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा डिझायरला फायदा झाला, ते चांगलंच. पण बचत होते म्हणून गाडी घेतोय असं अण्णांना सांगू नका. त्यांचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का निघेल आणि तुम्ही तोंडावर पडाल. पोरीला पट्टा लावून बसवायचंय म्हणून घेतोय, एवढंच सांगा. त्यात वजाबाकी नाही.

आणि काही बाबतींत पद्मिनी खरोखरच सरस आहे, ते तुमच्या शीटमध्ये आलंच नसणार. आईचे गुडघे घ्या. पद्मिनीची सीट खुर्चीसारखी, ताठ. दार उघडलं की नुसतं टेकायचं. आजच्या सेडानमध्ये माणूस खाली रुततो आणि उठताना गुडघ्यावर जोर देतो. म्हणून बुकिंगच्या आधी आईला शोरूममध्ये न्या, मागच्या सीटवर तीनदा बसवा आणि उठवा. तिसऱ्या वेळी तिने दाराला धरून 'आई गं' केलं, तर त्याच पैशांत एखादी उंच हॅचबॅक बघा आणि डिक्कीचा मोह सोडा. दुसरं, रुंदी. पद्मिनी दीड मीटरच्या आत, डिझायर पावणेदोन मीटरच्या जवळ. गावभागातल्या बोळात समोरून रिक्षा आली की हा फरक कळतो. शिवाय पद्मिनीचे खांब बारीक, काचेला काच लागून आहे, ड्रायव्हरला बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात; रिव्हर्स कॅमेऱ्याची गरज का पडत नव्हती ते बसल्यावर समजतं. पुढची त्रिकोणी काच उलटी फिरवून अंगावर वारा घेणं हे सुख तर एसीवाल्यांना सांगूनही समजायचं नाही.

पुराचंही तसंच. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्यात बुडून निघालेली पद्मिनी आज चालते, कारण तिच्यात कॉम्प्युटर नाही. तेल बदला, प्लग-पॉइंट साफ करा, डायनॅमो सुकवा, कार्बोरेटर धुवा, बहुतेक वेळा सुरू होते. नव्या सेडानमध्ये तेच पाणी वायरिंग आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरलं की विमा कंपनी बऱ्याचदा गाडीच मोडीत धरते. नव्या गाडीच्या विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या. आणि कुठल्याही पाण्यातून निघालेली गाडी चावी फिरवून 'बघू तरी' करायचं नाही, थेट टो करायची.

आता अडीच लाख. ते अण्णांचे स्वतःचे असतील तर कशावर घालायचे हा त्यांचा अधिकार. तुम्ही फक्त क्रमाबद्दल बोला. 'नव्यासारखी करू' म्हणताना लोकांच्या डोळ्यासमोर रंग, क्रोम आणि सीटकव्हर येतं. गॅरेजवाल्यालाही ते आवडतं, कारण दिसणारं काम आहे. बुडालेल्या गाडीत काम उलट्या टोकाने सुरू करतात.

आधी तळ. एका रविवारी अण्णांबरोबर बसा, रबरी मॅट आणि खालची गोणपाटं काढा आणि चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर, विशेषतः जोडाच्या रेषेवर, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबत जा. टण्ण आवाज आला तर पत्रा शाबूत. मऊ लागलं, पापुद्रा सुटला, तर तिथे कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागणार. वरून पुट्टी मारून रंग दिला तर दोन पावसाळ्यांत फुगतो. मग दारं बघा. दाराच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, त्यांत तार घालून फिरवा. तुमच्या गाडीत २०१९ चा गाळ अजून निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तो काळा, बारीक, वाळल्यावर पिठासारखा होणारा गाळ दाराच्या आत बसून राहतो आणि प्रत्येक पावसाळ्यात ओला होऊन पत्रा आतून खातो. पाटे (मागच्या चाकांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला टांगलेले असतात ती जागाही जॅकवर चढवून बघून घ्या.

तळ ठीक निघाला तरच पुढचा पैसा काढा. दुसरा नंबर ब्रेकचा. मास्टर सिलिंडर, चारी चाकांचे सिलिंडर, रबरं, पाइप, शू, सगळं एकदम. उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतात. पेडल आज बरोबर वाटतं आणि एके दिवशी मिरज रोडच्या सिग्नलला खाली जातं. त्यानंतर वायरिंग. पाण्यातून निघालेल्या वायरीवर टेप गुंडाळून चालवणारे बरेच आहेत, तुम्ही पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतला वायरींचा अख्खा जुडगा, नवीन करून घ्या आणि सीटखाली छोटा अग्निशामक ठेवा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी कितीही चांगली दिसली तरी साल जुनं असेल तर बदला.

पेट्रोलकडे नीट लक्ष द्या. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं. सांगलीत राहून त्याला शिव्या देणं बरं दिसत नाही, निम्म्या जिल्ह्याचं बिल त्याच्यावर अवलंबून आहे. पण पद्मिनीचं पेट्रोलचं रबर त्या काळातलं. फ्युएल पंपाचा पडदा, होज, कार्बोरेटरची गास्केटं इथेनॉलने मऊ पडतात, फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, म्हणजे उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीला आतून गंज. तेव्हा टाकी उतरवून धुवून घ्या, इथेनॉल चालणाऱ्या होज टाका, पंपाचं आणि कार्बोरेटरचं किट बदला. आणि पेट्रोल टाकीत मुरवत ठेवू नका. आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर चालवा, इंजिन पुरतं तापेपर्यंत. दारात उभी करून पाच मिनिटं सुरू ठेवणं म्हणजे चालवणं नव्हे.

सुटे भाग आजच घेऊन ठेवा. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. तरी इतकी वर्षं भाग मिळत राहिले याचं मोठं कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. टॅक्सीला वयाची अट २० वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, ती ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. गिऱ्हाईक संपलं की माल येणंही आटतं. वॉटर पंप, क्लच प्लेट, गास्केट सेट, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर कॅप एवढं कपाटात असू दे. आणि जो मेकॅनिक कानाने टायमिंग लावतो त्याच्याकडे वर्षातून एकदा विनाकारणही जाऊन या.

एवढं सगळं करून रंगाला पैसे उरले तर रंग. नाही उरले तर पुढच्या वर्षी. खर्चाच्या या यादीवर अण्णा नाही म्हणणार नाहीत असा माझा अंदाज आहे, कारण यात त्यांच्या गाडीचा अपमान नाही, उलट तिला कुणीतरी गंभीरपणे घेतलंय.

दाजींना सांगा, दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या दहा-पंधरा वर्षांच्या नियमाच्या बातम्या दिल्ली परिसरापुरत्या. आपल्याकडे नोंदणीचं नूतनीकरण झालं, पर्यावरण कर भरला, विमा आणि पीयूसी असलं की खासगी गाडी वयामुळे बाद होत नाही. कुणी 'व्हिंटेज करून घ्या' म्हणालं तर तेही थांबवा. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं लागतात, म्हणजे तुमची २०३६ ला, आणि एकदा व्हिंटेज झाली की रोजच्या वापराला परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. अण्णांना मार्केट यार्डला जायचंय, प्रदर्शनाला नाही.

'अण्णांना पटवू कसं' याचं उत्तर माझ्या मते पार्किंगमध्ये आहे. नवी गाडी आली की इमारतीतली ती एकमेव जागा तिची होणार, आणि पद्मिनी ताडपत्रीखाली रस्त्यावर. अण्णांना हे तुमच्या आधी दिसलंय. गाडी रस्त्यावर आणि आपण मागच्या सीटवर, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. तेव्हा जागेचं आधी ठरवा. गावभागातलं घर अजून तुमचंच असेल तर पद्मिनी तिथे, छपराखाली, आणि चावी फक्त अण्णांकडे. त्यांनी तिकडे जावं, गाडी काढावी, गणपतीला जाऊन यावं, मित्राला घ्यावं. पावसाळ्यात आयर्विनचं पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे निघालं की गाडी विश्रामबागेत आणायची हे आत्ताच ठरवून ठेवा. त्या दोन-चार दिवसांत रस्त्यावर नवी गाडी राहील, पद्मिनी नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर जसंच्या तसं बोला.

टेस्ट ड्राइव्हला त्यांना चालवायला बसवा आणि तुम्ही मागे आईशेजारी बसा. पॉवर स्टिअरिंगवर दोन वळणं घेतली की ते काही बोलणार नाहीत, पण खांदे सैल झालेले दिसतील. त्यांचं लायसन्सही बघा. या वयात ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. संपलं असेल तर दोन्ही गाड्या त्यांच्या हातात देता येणार नाहीत.

राहिलं आरसी बुक. १९८६ ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षांनी २००१, मग दर पाच वर्षांनी, त्या हिशेबाने २०२६ मध्ये पुन्हा नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. हे शुल्क तुम्ही भरा, अण्णांच्या अडीच लाखांतून नको. आरसी काढून महिना बघा आणि आरटीओत तपासणीला न्यायच्या आधी ब्रेक आणि हेडलाइट तेवढे करून घ्या.